उपवासाचे मीठ

मेहकर, ५ जून १९६५

चि. सौ. कोकिळा हिस सुभद्राआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. अकोल्याच्या डॉक्टरांनी तुला सांगितले तेच मला नऊ वर्षांपूर्वी सांगितले होते. हृदयाची झडप आवळली आहे, मीठ बंद. तुझ्या वेळी निदान ऑपरेशन तरी आहे. पायांची सूज उतरली तर दिवाळीनंतर मुंबईला पाठवणार, तर ती उतरवायचीच.

डॉक्टर सांगत नाहीत ते मी सांगते. उशाला दोन गोधड्या घे. धाप लपवू नको, चुलीपुढून सरळ ऊठ. अळणी वरण घशाखाली उतरत नाही, तर त्यात सैंधव टाकत जा. ते उपवासाला चालते, म्हणजे मीठ नव्हे. मी त्यावरच निभावले. आणि पाणी तुझ्या यजमानांनी, निवृत्तीरावांनी भरावे. गाव हसेल, मग विसरेल.

लोभ आहेच, पत्र मात्र टाकत जा.
सुभद्रा

वरवट बकाल, २२ ऑगस्ट

ती. आत्याबाईंस कोकिळेचा शि. सा. नमस्कार.

जेवण जाऊ लागले. सासूबाई आधी म्हणत, सुनेचं वरण वेगळं काऊन शिजवाचं. आता स्वतःच सैंधव कुटतात, अजून पाह्यजे का विचारतात. हे घागर घेऊन निघाले की बाया यांना वहिनी म्हणतात.

सूज मात्र गुडघ्यापर्यंत आली. जोडवी कापून काढली. सासूबाईंना वाटते, सैंधव कमी पडते. तुमची सूज कशाने उतरली होती?

माया असू द्यावी.
कोकिळा

अकोला, दवाखाना, ३० ऑगस्ट

चि. कोकिळेस आशीर्वाद.

सैंधव आजच बंद कर. मीही सुजून इथे पडले आहे. डॉक्टरांनी खाणे विचारले, मी ऐटीत सांगितले. ते म्हणाले, बाई, तेही मीठच. रागावले नाहीत. तू लगेच निघून ये.

सुभद्रा

वरवट बकाल, १४ नोव्हेंबर

ती. आत्याबाईंस शि. सा. नमस्कार.

पत्र आले त्याच दिवशी सैंधव सोडले. पुरामुळे मोटारी बंद होत्या. अकोल्याला पोचले तेव्हा पोटात पाणी झाले होते आणि तुम्ही मेहकरला गेला होता. डॉक्टर म्हणाले, हे हृदय आता ऑपरेशन सोसणार नाही. मुंबई राहिली.

सासूबाईंना खरे सांगितले नाही. त्यांनी प्रेमाने कुटले होते. त्या म्हणतात, सैंधव सोडलं म्हणूनच दुखणं वाढलं.

आडवे झाले की जीव गुदमरतो. तुम्ही कशा झोपता ते लिहा. विचारायला दुसरे कोणी नाही.

कोकिळा

मेहकर, १९ नोव्हेंबर

चि. कोकिळेस आशीर्वाद.

भिंतीशी ज्वारीचे पोते लावून टेकून बस. मांडीवर उशी घे, उशीवर कपाळ टेक. मीही तशीच झोपते. तरी हे डॉक्टरांना विचारून मगच लिहिले आहे.

यापुढचे मला ठाऊक नाही. तू विचारत राहा.

सुभद्रा