गुरुवारचं जेवण

हेसलडेन, ७ मार्च २०१४

चि. डोरीनला अनेक आशीर्वाद,

इकडे सर्व क्षेम. अर्नेस्टना हल्ली माझं नाव आठवत नाही, पण गुरुवार बिनचूक कळतो. सकाळीच टाय घेऊन पुढे उभे! चॅपलच्या हॉलमध्ये आम्हा म्हाताऱ्यांचं जेवण असतं, मग पियानोवर गाणी. गाण्यातला एकही शब्द ते चुकत नाहीत. तेवढे तीन तास त्यांच्याजवळ कोणीतरी असतं आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटते. आठवड्याची झोप म्हणायची तर तीच.

काल कौन्सिलची माणसं आली होती. यापुढे कोणत्या सोयींवर खर्च करायचा, ते लोकांनाच विचारून ठरवणार म्हणे. त्यांच्यातली एक मुलगी मोठी गोड. एकेकाला विचारत होती, कसं चाललंय, काही अडचण? मिसेस प्रेंटिस कुबड्यांवर उभी राहून म्हणाली, झकास! मग मी मागे राहते होय? म्हटलं, आमचं उत्तम चाललंय. चारचौघांत रडगाणं गायची आपल्या घराण्याची रीत नाही. तिला कस्टर्डही जास्तीचं वाढलं.

खुशाली कळवत जा.
तुझी हिल्डाताई

व्हिटबी, १२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

धन्य आहेस! भावोजींना टबातून काढताना पडून तू मनगट मोडून घेतलंस, ते त्या मुलीला दिसलं नाही? बँडेज बाहीखाली लपवलं असशील, मी तुला ओळखून आहे. अगं, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. पुन्हा विचारलं तर सांग, झोप नाही, अंगात ताकद नाही, गुरुवार गेला तर मी संपले. पाठच कर. मीच आले असते, पण गुडघा जिना उतरू देत नाही.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी डोरीन

हेसलडेन, २० जून

चि. डोरीनला अ. आ.,

अहवाल आला. हेसलडेनचे वृद्ध समाधानी आहेत, कोणाला अडचण नाही, असं आमच्याच शब्दांत छापलंय. जिथली माणसं ओरडली तिथे पैसा गेला. हॉलला कुलूप लागून पाच आठवडे झाले. अर्नेस्ट गुरुवारी टाय लावतातच. मी त्यांना चॅपलपर्यंत नेते. ते कडी हलवतात, थांबतात, मग आम्ही परत येतो. गाणं बंद झालंय. घरी मी गाऊन पाहिलं, तर परक्यासारखे बघत राहिले. फार एकटं वाटतं गं.

काल तीच मुलगी दारात आली. जेवण बंद झाल्यावर कसं चाललंय, हे विचारायला. तुझं पत्र मला पाठ होतं. यांच्या टायची गाठ अर्धवट माझ्या हातात होती. तिनं इतक्या मायेनं विचारलं, की तोंडून निघून गेलं, छान चाललंय हो. तिनं लिहून घेतलं. मी चहा टाकला.

रागावू नकोस. इकडे सर्व क्षेम.
तुझी हिल्डाताई