आलेले नाहीत

आप्पा, सध्या मी रोज ऑफिस सुटलं की पाठीवर तांदळाची पिशवी बांधून पार्किंगच्या इमारतीचा जिना चढते आणि उतरते. इथे नेदरलँड्समध्ये, ब्रेडात डोंगर नाही, टेकाडसुद्धा नाही, सगळा मुलूख परातीत थापल्यासारखा सपाट. आमच्या ग्रुपमधले बाकीचे लोक समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर सराव करतात, मला हा जिना जवळ पडतो. गाड्या लावायला आलेले लोक माझ्याकडे बघतात, बघू देत. दुसऱ्या महायुद्धात सयामच्या, म्हणजे आताच्या थायलंडच्या, जंगलात जपान्यांनी युद्धकैद्यांकडून जी रेल्वे बांधून घेतली, तिच्या वाटेने आम्ही येत्या हिवाळ्यात चालणार आहोत. लशी टोचून झाल्या, नवे बूट ऑफिसात घालून मऊ करून झाले, जळवांसाठी लांब मोजे आणून झाले. तुम्हाला हे सांगायचं कारण, त्या जंगलात तुमचे वडील राहिले आणि तुम्ही जन्मभर त्या दिशेला एक पाऊल टाकलं नाहीत. मला तुमचा राग आलाय आप्पा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी वरच्या मजल्यावर धाप लागते तेव्हा श्वासाच्या आधी तोच वर येतो.

साताऱ्याचं आपलं एसटी कॉलनीतलं दोन खोल्यांचं घर आठवतं मला. सणाचा कुठलाही दिवस घ्या. स्वयंपाकघरात स्टोव्हचा आवाज चाललाय, आई घामाने भिजून पुरणपोळ्या लाटतेय, आजी पाटावर बसून खोबरं खवतेय. पहिलं पान आजोबांचं. पाट, तांब्या-भांडं, मीठ-लिंबू, सगळं जिथल्या तिथे. तुम्ही दार उघडं ठेवायचात आणि म्हणायचात, "आले तर भुकेले असतील." मग आपण जेवायला बसायचो. ते पान तसंच राहायचं, त्यावर वर्तमानपत्र झाकलेलं. दुपार कलली की आई स्वयंपाकघरात एकटी बसून ते पान जेवायची, कारण आजोबांचं अन्न टाकायचं नाही आणि तुम्हाला गार भात चालत नसे. भजी मऊ पडलेली, पोळीवरचं तूप थिजलेलं. बापाची वाट बघायची तुम्ही आणि गार अन्न गिळायचं तिने! तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. आता आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

आणि तो शाळेचा दिवस. बाईंनी विचारलं, कुणाच्या घरी कोण सैन्यात होतं. मी हात वर करून सांगितलं, माझे आजोबा युद्धात वारले. बाईंनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. संध्याकाळी तुम्ही वर्कशॉपमधून आलात, हाताला अजून ऑइलचा वास, आणि मी उड्या मारत तुम्हाला ते सांगितलं. तुम्ही माझी हनुवटी धरलीत. जोरात धरलीत, दुखलं. "वारले म्हणायचं नाही. आलेले नाहीत म्हणायचं. म्हण." मी म्हटलं. "परत म्हण." परत म्हटलं. आजी तिथेच वाती वळत बसली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, तिला बरं वाटलं असणार.

सगळ्यांना तसंच वाटायचं. आजी कपाळाला कुंकू लावते, हिरव्या बांगड्या भरते, म्हणजे म्हातारीचीच श्रद्धा. हळदीकुंकवाला कॉलनीतल्या बायका तिच्यासमोर आल्या की त्यांचा हात जरासा अडायचा, लावावं की नाही. आजी स्वतःच करंड्यात बोट बुडवून लावून घ्यायची आणि लगेच निघायची, वाणसुद्धा न घेता. ना धड सवाष्ण, ना धड विधवा. पाहुण्यांनी विषय काढला की तुम्ही हात जोडायचात, "आईच्या श्रद्धेला मी कसा हात लावू?" लोक तुमचं कौतुक करायचे. मीही करायचे आप्पा. कॉलेजात मैत्रिणींना मी तुमचं हे वाक्य अभिमानाने सांगितलंय.

परवा मास्ट्रिख्टजवळ आमचं सरावाचं शिबिर होतं. त्या बाजूला निदान चढउतार तरी आहेत. आमची गाइड साठीची डच बाई आहे, तिचे वडील त्याच रेल्वेवर कैदी होते. तिची एक पद्धत आहे. निघण्याआधी प्रत्येकाने उभं राहून सांगायचं, मी कुणासाठी चालणार, त्याचं नाव काय आणि त्याचं काय झालं. लोकांनी सांगितलं. कुणाचा आजा कॉलऱ्याने गेला, कुणाचा काका उपासमारीने. हे लोक असलं काही रडतभेकत सांगत नाहीत, स्टेशनचा पत्ता सांगावा तसं सांगतात. माझी पाळी आली. मी नाव सांगितलं आणि पुढे माझ्या तोंडून निघालं, "ते अजून आलेले नाहीत." गाइडने सरळ विचारलं, "म्हणजे वारले ना?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुला काय करायचंय, असं ओठांवर आलं होतं. परतीच्या ट्रेनमध्ये मी आईला फोन लावला. म्हटलं, ही बाई काय वाटेल ते विचारते.

आई म्हणाली, "बरोबर विचारलं की तिनं. वारलेच ते."

"तुला काय माहीत?"

"अगं, शेजारच्या गावचा एकजण कैदेतनं सुटून आला होता युद्धानंतर. त्यानं सासूबाईंना येऊन सांगितलं. तापात गेले, त्याच्या डोळ्यांदेखत. जंगलातच पुरलं."

"मग आजी कुणाची वाट बघत होती?"

"तुझ्या आप्पांची. पोरगा मोठा होईल, देह नाही तर गवताचा पुतळा करून अग्नी देईल, मग आपण मोकळ्या होऊ. पोरानंच करायचं असतं ना ते. आमचं लग्न झालं त्या वर्षी माझ्यादेखत म्हणाल्या त्यांना, तुझ्या पाया पडते, मला एकदा रडू दे."

"आप्पा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? ताटावरनं उठले. परत विषय नाही."

ट्रेनमध्ये भरगच्च माणसं होती आणि मी मोठ्याने रडत होते. समोरच्या मुलाने न बोलता कागदी रुमालांचं पाकीट पुढे केलं. मला आजीची शेवटची सकाळ आठवत होती. तिला हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, कपाळभर कुंकू लावलं. बायका रांगेने पाया पडत होत्या, पुण्यवान बाई, सवाष्ण गेली. तुम्ही दारात उभे राहून ते ऐकत होतात. ती तुमच्या पाया पडली होती, हे फक्त तुम्हाला आणि आईला माहीत होतं. आईने मूग गिळले ते तुमच्या भीतीने. तुम्ही कशासाठी गिळलेत? तुम्ही वडिलांना पाहिलेलंही नव्हतं, पहिलीच भेट आणि तीही अग्नी द्यायला, हे कुणालाही जड गेलं असतं. ते मला कळतं. पण तुमचं ते न सोसणं तुम्ही श्रद्धेच्या नावाने आजीच्या कपाळाला लावलंत, आणि तिला साधं रडूही दिलं नाहीत. हे मी माफ करणार नाही. निदान आज तरी नाही.

काल आईचा फोन होता. म्हणाली, "तीळ घेऊन जा. पुतळा तिथल्याच गवताचा कर. तू एकुलती, आता करायला दुसरं आहे कोण?" मग हळूच म्हणाली, "तुझे आप्पा गेले त्या वर्षापास्नं मी पान वाढलेलं नाही. गरम जेवते." गाइडला विचारलं तर म्हणाली, जंगलात जाळ करता येणार नाही, नदीत सोडायला हरकत नाही. मी सोडणार आहे. तिळाची पुडी बुटांशेजारी ठेवली आहे. तुम्ही असतात तर ताटावरून उठला असतात. उठा.

निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी पुन्हा उभं राहून आपापलं सांगायचंय, आणि मग नदीकाठी प्रत्येकाने आपापल्या भाषेत. म्हणून जिना चढताना मी ते वाक्य घोकते. डचमध्ये बिनचूक जमतं, इंग्रजीतही. हे पत्र कुठे धाडायचं नाही, तिळाच्या पुडीलाही गुंडाळायचं नाही, इथेच टेबलाच्या खणात राहील, म्हणून खरं सांगते. मराठीत ते वाक्य शाळेतल्या त्या दिवसानंतर एकदाही माझ्या तोंडून निघालेलं नाही. तुम्ही ऐकाल, असं वाटतं.