टिटवी झाडावर बसत नाही

सिस्टर, तुम्हाला मराठी येत नव्हतं, म्हणून मुद्दाम मराठीत लिहिते आहे. कॉन्व्हेंटच्या वर्गात एक मराठी शब्द तोंडातून निघाला की तुम्ही आम्हाला बाकावर उभं करायचात. आता मी बसून लिहिते, तुम्ही ऐका.

एकसष्टाव्या वर्षी मी वन्यजीव संरक्षण शिकते आहे. वर्षभराचा कोर्स, वर्ग फक्त रविवारी. पहिल्याच दिवशी शेजारच्या मुलानं विचारलं, "आंटीजी, टाइमपास के लिए?" मी म्हटलं, "टाइमपास तू कर भिया, मेरे को नौकरी चाहिए." माझा प्रकल्प टिटवीवर आहे. पोलोग्राउंड औद्योगिक वसाहतीतल्या जुन्या कारखान्यांच्या गच्च्यांवर, तापलेल्या खडीत ती अंडी घालते. झाड नाही, काडी नाही. मी दुर्बिणीतून पाहते, वहीत लिहिते आणि दर वेळी तुमची आठवण काढते, प्रेमानं नव्हे.

आठवीत निबंधात मी हेच लिहिलं होतं, की टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते; शाळेच्याच मैदानात कुंपणापाशी पाहून. तुम्ही पानावर लाल रेघ ओढलीत. "व्हेअर डिड यू रीड धिस?" "आय सॉ इट, सिस्टर." "ओह, शी सॉ इट! अवर ग्रेट सायंटिस्ट सॉ इट!" सगळा वर्ग हसतो आहे, तुम्हीही हसता आहात. 'पक्षी झाडावर घरटं बांधतात' हे वाक्य इंग्रजीत शंभर वेळा लिहून आणायची शिक्षा. मैदान खिडकीबाहेरच होतं. तुम्ही मान वळवूनसुद्धा पाहिलं नाहीत. तेव्हा नववीतच शाखा निवडावी लागे; पुढच्या वर्षी मी विज्ञान सोडलं आणि पस्तीस वर्षं विम्याच्या फायली चाळल्या.

परवा माझी मुलाखत आहे, पक्ष्यांच्या सर्वेक्षणाच्या कामासाठी. या विषयाकडे कशा वळलात, असं विचारतीलच. तिथे तुमचं नाव घेऊन हा किस्सा सांगायचा, असं मी केव्हाच ठरवलंय. रविवारच्या वर्गात सांगितला तेव्हा एक मुलगी म्हणाली, "ऐसी टीचर को तो जंगल में छोड़ आना था." मला फार बरं वाटलं.

मात्र पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. शंभर ओळी तुमच्या टेबलावर ठेवल्या, त्यानंतर दोनच दिवसांनी शाळेच्या माळीबाबांनी मैदानावर रोलर फिरवला. शाळेत पाहुणे यायचे होते. मी कुंपणापाशी उभी आहे. टिटवी जिवाच्या आकांतानं ओरडत माळीबाबांच्या डोक्यावर झेपा घेते आहे. मी नुसती हाक मारली असती तरी ते थांबले असते. मी गप्प राहिले. मातीच्याच रंगाची ती अंडी अख्खी तुम्हाला दिसली नसती; फुटलेली दाखवता येतील, तुम्ही खोट्या ठराल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग धावत येऊन मी तुम्हाला तिथे नेलं. तुम्ही चष्मा सारखा करून खाली पाहिलंत आणि म्हणालात, "हूज टिफिन इज धिस?"

मुलाखतीत तुमचं नाव घेतलं तर मला हेही सांगावं लागेल. म्हणून नाही घेणार. तुम्हाला माफ केलंय, असं मात्र समजू नका.