ताईचे गुडघे आणि सागरी स्रोत

३ मार्च
पुन्हा! ताईचे ओठ सुजले, हातभर गांधी, आवाज बसलेला. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं आणि झापलं मात्र मला — "घसा बंद झाला तर इथवर पोचायच्या नाहीत त्या. पोटात काय जातंय, शोधा!" "मासे, कोळंबी?" असं त्यांनी विचारलं, तर ताई उसळलीच. "जन्मात शिवले नाही मी!" शाकाहार हे माझ्या थोरल्या बहिणीचं व्रत नव्हे, पदवी आहे.

५ मार्च
साबण बदलला. शेंगदाणे बंद. माझं अत्तरही हद्दपार. "त्या वासानं धडधाकट माणूस सुजेल." जिभेला मात्र काही झालेलं नाही हिच्या!

८ मार्च
परत गांधी. जेवण तर एकाच पातेल्यातलं, मी ठणठणीत. मग उरलं काय? नाश्त्यानंतरची गुडघ्यांची कॅप्सूल! हिनं डॉक्टरीणबाईंना सांगितलीच नव्हती. "ते कुठं औषध आहे? पूरक आहे." गुडघे सुधारलेत हे खरं — गच्चीवर एकटी जाते हल्ली. बाटलीवर घटकाच्या नावाचा समास एवढा लांब की विग्रहाला पंडित बसवावा. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'सागरी स्रोत'. शेवाळ असेल, म्हटलं.

१० मार्च
चैन पडेना. वार्ताहराची खोड — कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात, "सर, खेकड्या-कोळंबीची टरफलं." शेवाळ म्हणे! एवढं संस्कृत शिकून हा उजेड.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टरफलाला मांसाचा अंश राहू शकतो, तोच बाधतो. पण जन्मात न खाल्लेल्या बाईला? "धुळीनं शिंकतात ना त्या? धुळीतले किडे आणि कोळंबी, नात्यातलेच; एक बाधलं की दुसरंही बाधू शकतं. आता एकही कॅप्सूल नको."

बाटली कचऱ्यात. पण सांगू कसं? नुसतं 'बाधतं' म्हटलं तर दुसऱ्या कंपनीची आणेल. खरं सांगितलं तर अन्न सोडेल. गावाच्या बातम्या बिनदिक्कत देतो, घरातली एक ओळ सुचेना! खिडकी ते दार, दार ते खिडकी. "फरशी झिजेल," आतून ताई.

११ मार्च
सांगितलं.

ताईनं कप खाली ठेवला. "ठाऊक होतं रे. दुकानदारानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." मग माझ्याकडे न बघता — "चालता येत होतं."