जवाची कॉफी की कॉफीचे जव?

तीर्थरूप मावशीच्या पायांवर डोकं ठेवून (आणि तिथवर वाकलोच आहे, तर गुडघ्यांचीही चौकशी करून) भाच्याचा नमस्कार.

गुडघे कसे आहेत? काकांना ऐकू येत नाही की ते ऐकत नाहीत, याचा निकाल लागला का? आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहिणार होतो, पण आपण खुशाल आहोत की नाही, हेच मला सध्या कळेनासं झालं आहे. त्याला कारण तू. म्हणजे थेट तू नव्हेस, तू सांगितलेली ती जवाची कॉफी. शेवटपर्यंत वाच आणि मग काय रागवायचं ते रागव.

सासरेबुवांनी त्यांचं सलून माझ्या हाती दिलं त्याला बरीच वर्षं झाली. हात माझा वाईट नाही (लोकांचे कान अजून जागच्या जागी आहेत). पण यंदा अचानक उजवा हात थरथरायला लागला. कात्री असली की फारसं कळायचं नाही, उलट काम लवकर उरकायचं. वस्तरा घेतला की मात्र पंचाईत. एकदा हेडमास्तर दाढीला बसले असताना त्यांच्या मिशीचा डावा झुपका गेला. मी चकार शब्द न काढता उजवाही उडवला, कारण अर्ध्या मिशीचा जाब द्यावा लागतो, पुरती गेली तर ती होती का, अशी शंका तरी घेता येते. त्यांनी बराच वेळ आरशात पाहिलं, आतल्या माणसाला अनोळखी पाहुण्याला करावा तसा नमस्कार केला आणि निघून गेले.

आमचे डॉक्टर माझ्याच खुर्चीत दाढी करून घेतात, त्यामुळे या दुखण्यात त्यांनी जातीनं लक्ष घातलं. दिवसाकाठी कॉफी किती, असं विचारलं. मी म्हटलं, गिऱ्हाइकागणिक एक. त्यांनी बाकावरची रांग पाहिली आणि कॉफी त्या क्षणापासून बंद केली.

मग तुझ्या सुनेला (म्हणजे माझ्या बायकोला) तुझा सल्ला आठवला. जव मंद आचेवर काळपट होईपर्यंत भाजायचे, पण काळे होऊ द्यायचे नाहीत. मावशी, काळपट कुठे संपतं आणि काळं कुठे सुरू होतं, ते तू सांगितलं नव्हतंस. पहिल्या खेपेला शेजारचा शिंपी पाण्याची बादली घेऊन धावत आला. दुसऱ्या खेपेला आलाच नाही (भाजणं सुधारलं की शेजारधर्म आटला, कोण जाणे). पहिला घोट घेतला, तर भिजलेली चटई शेकोटीवर वाळवल्यासारखी चव. पण नवल बघ, आठवडाभरात मला ती आवडायला लागली! भाजक्या दाण्यांचा तो खमंग वास, जिभेवर कडसर आणि घशाखाली उतरताना किंचित गोड. कॉफीची सख्खी नव्हे, पण चुलत बहीण नक्की, आणि स्वभावानं गरीब. रात्री झोप लागू लागली. आणि हात? दगडासारखा स्थिर. मी जवाचा प्रचारकच झालो. गळ्याभोवती फडकं बांधलेलं गिऱ्हाईक पळून जाऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्येकाला जवाचे गुण ऐकावे लागले आणि पेलाही घ्यावा लागला. शिंपी तर सुई एका दमात ओवायला लागला.

गेल्या महिन्यात तुझी सून बहिणीकडे गेली. मी हौसेनं डब्यातली पूड स्वतः उकळली आणि पहिल्याच घोटाला ती चटई परत आली. फोन लावला. आधी तिनं आढेवेढे घेतले. मग म्हणाली, "अहो, तुम्ही तोंड इतकं वाकडं करत होता, म्हणून तुमच्या पेल्यात मी निम्मी कॉफी घालत होते. मग तुम्ही असं कौतुक करत सुटलात, की सांगायची सोयच राहिली नाही." म्हणजे मी प्रचार केला तो कशाचा? (शिंप्याला निव्वळ जव मिळत होते म्हणे. मग त्याची सुई?) आणि पोटात कॉफी जात असताना हात स्थिर कसा?

डोकं खाजवून खाजवून शेवटी उजेड पडला. सासरेबुवा यंदाच आमच्याकडे राहायला आले होते. सकाळपासून सलूनच्या कोपऱ्यात स्टुलावर बसायचे आणि एक अक्षर न बोलता माझ्या हाताकडे बघत राहायचे. ज्यांनी वस्तरा धरायला शिकवलं, त्यांच्या नजरेखाली वस्तरा चालवायचा! माझी कॉफी सुटली त्याच आठवड्यात ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी थोरल्या मेहुणीकडे गेले, आणि हात शांत झाला. कॉफीला मी नाहक बदनाम केलं होतं. सगळ्यांसमोर शपथ घेतली, की यापुढे जवाला शिवणार नाही, आणि बायको परतताच कॉफीचं फर्मान सोडलं.

परवा सासरेबुवा नवा चष्मा लावून परतले ते थेट स्टुलावर. खुर्चीत डॉक्टर, गळाभर फेस. माझा हात असा लटपटला, की डॉक्टर फेसासकट उभेच राहिले. मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, हात जोडतो, पण असं बघत बसू नका हो."

ते गोंधळून गेले. म्हणाले, "जावईबापू, मला दिसत कुठे होतं? दुकान सुटल्यापासून वस्तऱ्याचा आवाज कानावर नव्हता. तो ऐकायला बसायचो." आणि वर, "तुमचा आवाज चांगला येतो. खरखरत नाही."

मावशी, एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या कामाबद्दल काढलेले हे पहिले शब्द. डॉक्टर (अर्ध्या दाढीनिशी) बाजूला झाले, मामा खुर्चीत बसले, मान मागे टाकली आणि एवढ्या खटपटीनं उघडलेले डोळे पुन्हा मिटून घेतले. मी वस्तरा लावला. नुसता तो बारीक सरसर आवाज. हात थरथरला की नाही, सांगता येणार नाही. मीही ऐकत होतो. नंतर आम्ही दोघांनी एकेक पेला घेतला, आणि कॉफीला कॉफीच हवी, यावर आमचं एकमत झालं.

काकांना (मोठ्यानं) नमस्कार सांग.

तुझा,
भाचा

ता. क. : हे पत्र तुझ्या सुनेनं वाचलं आणि पोट धरून हसली. म्हणते, बहिणीकडून आल्यापासून मला निव्वळ जवच मिळताहेत, कॉफीचा कणही नाही. मग मी स्वतः उकळलं होतं ते काय होतं? तुला काही उलगडलं तर कळव.

आणखी ता. क. : मुख्य काम राहिलंच. डबा संपत आला आहे, आणि ती म्हणते, आवडतात असं चारचौघांत कबूल करा, तरच पुढचे भाजेन. ते माझ्याच्यानं होणार नाही. तेव्हा तुझ्या हातच्या जवांचा मोठा डबा पाठव. घरी नको, सलूनच्या पत्त्यावर, मामांच्या नावानं. त्यांना विश्वासात घेतलं आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "मग परवा आपण काय प्यालो?"