सात अंशांवरची काळी बिअर

३ डिसेंबर. सकाळी ६.१०. गॅरेजमध्ये ७ अंश.
या दोन हातांनी आजवर केलेल्या वस्तू : गॅरेजचं दार (खाली तीन मिलिमीटर फट, मुद्दाम). बायकोचं शिवणाचं टेबल. सासूबाईंची काठी. सातू भाजायचं फिरतं पिंप, जुन्या वॉशिंग मशीनमधून. मशीन तेव्हा चालू होतं, हा बायकोचा मुद्दा. आणि कालपासून वीस लिटर कडक काळी बिअर. कोर्स केलेला नाही. पुस्तकं तीन वाचली, तीही चुका काढायला.
यीस्ट रात्री घातलं. पाकिटावर लिहिलंय, वीस अंशांत ठेवा. पाकीट छापणारे बिअर करत नाहीत. थंडीत प्यायची बिअर थंडीतच वाढली पाहिजे, हे साधं तर्कशास्त्र आहे.

९ डिसेंबर. ६ अंश.
बिअरचं पिंप शांत. पुस्तकांप्रमाणे बुडबुडे यायला हवेत. बुडबुडे हे घाईचं लक्षण.
बायकोने विचारलं, आत काही चाललंय की तेही तुमच्यासारखं नुसतंच बसलंय. गॅरेजचं दार लावून घेतलं. बोलण्याने तापमान वाढतं.

१४ डिसेंबर. ५ अंश. हाडं गोठतायत. उत्तम.
कोपऱ्यावरच्या बारच्या मालकाशी बोलणं झालं. पुढच्या महिन्यात, एक तारखेच्या रविवारी चव घेणार. पसंत पडली तर दर महिन्याला दोन पिंपं घेणार. तो मला इंजिनियर म्हणतो. मी दुरुस्त करत नाही.
दोन पिंपांवर घर चालतं. हिशेब तीनदा केला.

१८ डिसेंबर.
वर्कशॉपमध्ये साहेबांच्या टेबलावर राजीनाम्याचा लिफाफा ठेवला. बावीस वर्षं दुसऱ्यांचे पंप दुरुस्त केले, पुरे. साहेब आजारी, दोन तारखेला येणार. बायकोला योग्य वेळी सांगेन.

२३ डिसेंबर. ६ अंश.
बाटल्या भरल्या. बरोबर चाळीस. फेस नाही. फेस म्हणजे हवा, आणि हवेचे पैसे घेणं मला पटत नाही.
बायको म्हणाली, दारू किती झाली ते मोजायची काचेची नळी मिळते, आणा की. म्हटलं, मला जीभ आहे. ती म्हणाली, ते माहीत आहे सगळ्यांना.

२८ डिसेंबर. संध्याकाळी ७.३०. बाहेर ३ अंश.
पहिली बाटली. गॅरेजात, मफलर, दोन स्वेटर. रंग डांबरासारखा. दाट, गोड. अर्ध्या ग्लासात कानशिलं तापली. एका ग्लासात जमीन किंचित डावीकडे. अक्षर बघावं, तिरकं येतंय. भयंकर कडक झाली आहे. ग्राहकांना एकावर थांबवावं लागेल. बारमध्ये तशी पाटी लावायला सांगणे.

२९ डिसेंबर.
सासूबाईंनी खोकल्याचं औषध समजून एक अख्खी बाटली घेतली. जन्मात दारूला हात न लावलेली बाई. मी डॉक्टरांचा नंबर काढून समोर बसलो. त्यांनी सुईत दोरा ओवला, पहिल्याच फटक्यात, आणि अजून आहे का विचारलं. जुन्या माणसांची प्रकृतीच दणकट.

१ जानेवारी. रविवार.
आज लिहायला वेळ नाही.

२ जानेवारी. सकाळी ९.४०. वर्कशॉप.
कालचं नोंदवतो. बारमालकाने घोट घेतला. मग स्वयंपाक्याला बोलावून त्याला दिला. मग काचेची नळी आणून बुडवली. नळी म्हणाली, दारू जवळजवळ नाहीच. यीस्ट थंडीने झोपलं ते उठलंच नाही, असं मालक म्हणाला. गोड पाणी आहे इंजिनियर, मेणबत्ती लावून वाढदिवस करा. स्वयंपाकी हसला. बायकोही बरोबर होती. ती हसली नाही. ते जास्त लागलं.
त्यांची नळी विकतची आहे, हे इथे नमूद करतो.
रात्री बायकोला लिफाफ्याचं सांगितलं. तिने घड्याळात गजर लावला, पावणेसहाचा.
साहेब साडेसातला येतात. मी ७.१० ला पोचलो. लिफाफा फायलींखाली तसाच होता, बंद. आता माझ्या खिशात आहे. पंप तीन आले आहेत.
स्वयंपाक्याचं म्हणणं, हे आइस्क्रीमवर ओतायला बरं. मालक सगळा माल उचलायला तयार होता, वाहतूक त्याची. बाटलीमागे पाच रुपये. उरलेल्या सदतीस बाटल्या. मी साफ नाही म्हणालो.
एकशे पंच्याऐंशी.