असून नसल्यासारखी

४ मार्च
पातळ करा, अजून पातळ करा! प्रयोगशाळेच्या बैठकीत प्रमुखबाईंचं एकच पालुपद. अणूहून बारीक कण जिथे एकमेकांवर आपटणार, त्या जागेच्या सर्वांत जवळ आमची सिलिकॉनची पट्टी बसायची आहे. तिच्यावर लाखो पिक्सेल, कण टिपणारे इवले ठिपके. ज्यातून कण जाईल त्यानं ‘इथून गेला’ एवढंच सांगायचं. अडवायचं नाही, वळवायचं नाही. “पट्टी असून नसल्यासारखी हवी,” बाई म्हणाल्या. मला फिस्सकन हसू आलं. सगळे बघायला लागले. काय सांगणार कपाळ! गेल्या महिन्यात बॅग भरताना बायको हेच म्हणाली — “घरात असून नसल्यासारखा आहेस. मी लेकीकडे जाते.”

७ मार्च
घर खायला उठतं.

९ मार्च
पट्टी घासून पातळ केली की वाळक्या पानासारखी वळते. सपाट दाबायला गेलं की तडकते. आजही दोन गेल्या! जोडणी करणारी मुलगी — आम्ही तिला टाचणी म्हणतो — म्हणाली, “सर, श्वास सोडा आता.”

घरी येऊन फोन केला. लेकीनं उचलला. “बाबा, आईला यायचंय रे. पण तिथे येऊन भिंतींशी बोलू का, म्हणते.” म्हटलं, सांग तिला, कधीही ये. किल्ली आहेच तिच्याकडे. ठरलं माझं! ती आली की हातातलं टाकून उठायचं. फार आठवण येते.

१४ मार्च, रविवार
सापडलं! पट्टीला वळायचंय ना? वळू दे! वळलेलीच बसवायची, कण धावतात त्या नळीभोवती. तिच्याशी भांडायचंच कशाला? दिवसभर घरी आकृत्या काढत होतो. मान मोडून आली.

संध्याकाळी बघतो तर कोपराशी चहा. गार, वर साय. कधी केला देव जाणे — वय झालं! पिऊन टाकला. बरा होता. माझा एरवी इतका बरा होत नाही.

१५ मार्च
बाई खूश. टाचणीनं टाळ्या वाजवल्या. घरी येऊन कुणाला सांगू? आरशाला सांगितलं.

१६ मार्च
लेकीचा फोन. म्हणाली, “आई रविवारी आली होती, बाबा. बॅग घेऊन. तुझ्याजवळ चहा ठेवला, ‘मी आलेय’ म्हणाली. तू ‘हं’ म्हणालास. मान वर केली नाहीस. बराच वेळ उभी होती म्हणे. मग बॅग उचलली.”

माझी पट्टी निदान ‘इथून गेला’ एवढं तरी सांगते.